हवेत कापलेलं भात

चि. धनेश (बक्षीस मिळाल्यापासून तुला चिरंजीव लिहावं की श्रीयुत, यावर घरात एकमत होईना, शेवटी तुझी मामी म्हणाली, विळा कुठल्या बाजूने धरायचा ते कळेपर्यंत चिरंजीवच लिहा) यास दिनानाथमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व मंडळी खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात माझी कंबर गेलेली आहे, मामीच्या तळहातांना फोड आले आहेत आणि आमच्या घरात सध्या फक्त म्हैस खुशाल आहे. तुझी प्रकृती कशी आहे? मान, पाठ, डोळे? संगणकासमोर बसून बसून पोराची मान धरली आहे, असं तुझी आई काल भाऊबीजेला ओवाळताना सांगत होती. ऐकून फार वाईट वाटलं. मानेला शेक दे.

पत्र कशाला लिहितोय, फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोन मी चौदा वेळा केला. मग शेजारच्या मोरूच्या पोरीकडून मेसेज लिहवून घेतला, 'कापणीला कधी येता?' त्यावर तू एक पिवळा अंगठा पाठवलास. कधी येता या प्रश्नाला अंगठा हे उत्तर होत नाही, हे मी तुला मामा म्हणून सांगतो. म्हणून हे पत्र. तुझी आई उद्या दुपारच्या गाडीने निडीहून पेणला परत निघेल, तिच्या पिशवीत फराळाच्या डब्याखाली ठेवतोय. (तिने फोडून वाचू नये. तिचे शाळेतले सगळे निबंध मीच लिहून दिलेले आहेत, तेव्हा माझं अक्षर तिला नवीन नाही.)

तर, झालं काय ते पुन्हा एकदा पहिल्यापासून लिहितो, कारण तुझ्या बाजूने ते सात मिनिटांच्या फिल्ममध्ये संपलं आहे. घट बसायच्या आधीच्या रविवारी तू आणि तुझे चार मित्र कॅमेरा घेऊन आलात. सकाळी सातचं सांगून साडेअकराला आलात, वडखळला ट्रॅफिक लागलं म्हणालात. वडखळला ट्रॅफिक लागतं हे पेणच्या माणसाला आदल्या दिवशी माहीत नसतं, हे मला नवीन होतं. पण म्हटलं, जाऊ दे. बहिणीचा पोरगा, पहिल्यांदाच काहीतरी करतोय, आणि तेही आमच्या गावात. तू फोनवर म्हणाला होतास की प्रायोगिक फिल्म आहे, कापणी करणाऱ्या माणसांची रांग हवी, दहा-अकरा तरी माणसं, आणि कुणाला काही देता येणार नाही. आता फुकट पिक्चरसाठी रविवार कोण घालवील? मी सगळ्यांना काय सांगावं? सांगितलं, हा दिवस माझ्या घराच्या सावडीत धरा. माझी अक्कल पेंड खायला गेली होती ती तेव्हा.

सावड तुमच्या सोसायटीत नसते, म्हणून सांगतो. आज मोरू माझ्या भाताच्या खाचरात उतरतो, उद्या मी त्याच्या. कागद नाही, सही नाही, दिवसाला दिवस. कुणाचा दिवस कुणाकडे राहिलाय हे मोरूला पाठ असतं, त्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही पण हे आठवतं. आणि ज्याने दिवस चुकवला त्याच्या बांधावर पुढे कुणी पाय ठेवत नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत, नुसतं कुणी येत नाही. माझ्यासारख्या, घरात दोनच माणसं असलेल्याचं भात सावडीशिवाय घरात येऊच शकत नाही. हे सगळं मी तुला तेव्हाही सांगितलं होतं, तेव्हा तू आकाशाकडे दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून बघत होतास.

मग तुझ्या लक्षात आलं की भात हिरवं आहे. अरे, त्या दिवसांत भात हिरवंच असतं, दाणा दुधात असतो, हे तुझ्या आईला विचारलं असतंस तरी तिने सांगितलं असतं. पण तू डगमगला नाहीस. म्हणालास, छान, कापूच नका, नुसता हवेत विळा चालवा, ते जास्त अर्थपूर्ण आहे. आणि आमच्या गावची अकरा शहाणीसुरती माणसं सकाळच्या साडेअकरापासून दिवस बुडेपर्यंत कमरेत वाकून हवा कापत होती. एक हात मूठ धरल्यासारखा, दुसऱ्यात विळा, आणि मध्ये काही नाही. रांगेतल्या मालूने सवयीने एकदा खरंच चार ताटं कापली तर तू 'कट' म्हणून ओरडलास. तिला वाटलं तू कापायलाच सांगतोयस, म्हणून तिने आणखी कापली. रस्त्याने जाणारी एसटी थांबवून लोक बघत होते. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या कुणाला वेड लागलेलं नाही, ही आमची ख्याती त्या दिवशी गेली.

संध्याकाळी मामीने सोळा जणांचं वालाचं बिरडं आणि भाकऱ्या केल्या. जेवून उठल्यावर तू अंगणात सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालास की दसरा झाला की आम्ही पाचही जण कापणीला येणार, कलाकाराचा शब्द आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या टाळीचा आवाज सगळ्यात मोठा होता, तो मला अजून ऐकू येतो.

दसरा झाला. तू आला नाहीस. पहिल्या आठवड्यात म्हणालास एडिटिंग चालू आहे, दुसऱ्या आठवड्यात म्हणालास रंग दुरुस्त करतोय. (पुढे कळलं की तुझी फिल्म काळी-पांढरी आहे. मग एवढे दिवस कुठले रंग दुरुस्त करत होतास, हा एक प्रश्न मी बाजूला ठेवला आहे.) इकडे देवळासमोर बैठक बसली. विषय असा की हवेत कापलेला दिवस हा दिवस धरायचा की नाही. दोघे-तिघे माझ्या बाजूचे होते, ते म्हणाले, भात काही घरात आलं नाही, तर दिवस कसला? मालू उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हवेत कापला तरी कंबर माझीच मोडली ना? का तीपन हवेतलीच व्हती?"  ती खरं बोलत होती. ठरलं की आधी दिनानाथच्या घरचे अकरा दिवस फिटतील, मग त्याच्या खाचराचं बघू.

ते मी आणि तुझ्या मामीने फेडले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी सकाळी एकाच्या खाचरात आणि मामी दुसऱ्याच्या, असं उतरत होतो. आणि आमचं भात पिवळं होऊन, मान टाकून, बांधापलीकडे उभं. दुपारनंतर रोज ढग यायचे. लोंबीला हात लावला की दाणे खाली. दुसऱ्याचं भात कापताना आपलं झडताना बघायचं, हा अनुभव तू अजून चित्रित केलेला नाहीस. मला तुझा राग आला. खोटं कशाला लिहू, एकदा बांधावर बसून रडूही आलं. मामीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

याच दिवसांत तुझी फिल्म आली. मोरूच्या फोनवर आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. पहिली तीन मिनिटं अंधार आणि माश्या घोंघावल्याचा आवाज. मोरूला वाटलं फोन गेला, त्याने तो दोनदा मांडीवर आपटला. मग गुडघे आले. नुसते गुडघे आणि कोपरं. तोंड एकाचंही नाही. मालूने स्वतःचं कोपर बांगड्यांवरून ओळखलं आणि ती लाजली, एवढाच काय तो आनंद. बाकी एका गुडघ्यावर मोरूने आणि त्याच्या चुलतभावाने दोघांनीही हक्क सांगितला, त्यावरून त्या दोन घरांत सध्या अबोला आहे. आणि शेवटी अक्षरं, 'राबणाऱ्या प्रत्येक अनाम हाताला अर्पण.' अनाम का रे? मी तुला वहीच्या पानावर सगळ्यांची नावं लिहून दिली होती, आडनावासकट. तू ते पान कशाला वापरलंस ते मी विचारत नाही. या फिल्मला तुझ्या कॉलेजच्या महोत्सवात दुसरं बक्षीस मिळालं आणि तू स्टेजवर श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण केलंस, असं तुझ्या आईने पाणावल्या डोळ्यांनी सांगितलं. मी तिच्या पानात आणखी एक करंजी वाढली. दुसरं काय करणार?

आता भाताचं सांगतो, म्हणजे तुला झोप लागेल. भात घरात आलं. तू आणलं नाहीस, गावाने आणलं नाही. नदीपलीकडच्या कातकरवाडीतला सोमा आणि त्याची बायको गंगी, दिवाळीआधी चार दिवस आपापले विळे घेऊन आले आणि दोघांनी मिळून तीन दिवसांत दोन्ही खाचरं आडवी केली. सोमा तुला आठवत असेल. नसेल आठवत तर सांगतो, त्या रविवारी रांगेत उभं राहायला आलेला बारावा माणूस. तू त्याला रांगेतून काढून बांधावर उभा केलास आणि तो चंदेरी पत्र्यासारखा कागद हातात दिलास, ऊन परतवायला. दिवसभर तो हात वर करून सगळ्यांवर उजेड पाडत उभा होता. हात खाली आला की तुझा मित्र ओरडायचा. तुझी फिल्म त्याने मोरूच्या फोनवर तीनदा पाहिली आणि मला विचारलं, "मी कुठं हाय ह्यात?" मी म्हटलं, तो सगळा उजेड आहे ना, तो तूच. सोमा म्हणाला, "उजेडाला कोन वळखतो?" आणि पुन्हा कापायला लागला. मला फार लाज वाटली, आणि ती तुझ्या वाटची वाटली.

असो. भात घरात आहे, सावड फिटली आहे, मोरूच्या तोंडपाठ हिशोबातून आमच्या घराचं नाव उतरलं आहे. तुझ्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. तू येऊ नकोस. पुढच्या फिल्मसाठी दुसरं गाव बघ, दुसरा मामाही बघ. वडिलांना नमस्कार, मानेला शेक दे, लोभ जितका उरला आहे तितका राहील.

तुझा,
दिनानाथमामा

ता.क. येऊ नकोस असं वर लिहिलं आहे ते खोडायला मामीने सांगितलं, पण पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही. म्हणून इथे लिहितो : येत्या रविवारी ये. पाचही जण या. भात कापायला नव्हे. सोमाच्या झोपडीची मागची कुडाची भिंत या पावसाळ्यात बसली आहे. मंगळवारी वीटभट्टीवाल्याचा ट्रक वाडीवर येईल, सोमा आणि गंगी सहा महिन्यांसाठी जातील, आणि मागची बाजू उघडी टाकून गेले तर परत आल्यावर तिथे घर म्हणून काही शिल्लक नसेल. माझ्या खाचराच्या तीन दिवसांची मजुरी त्याने घेतली, पण फिल्मच्या त्या रविवारची देऊ लागलो तर घेतली नाही. म्हणाला, "ती मजुरी नवती, सावड व्हती ना? मग माजा पन दिवस येनं हाय." सावडीत आजवर वाडीवरचं कुणी नव्हतं, कारण त्यांच्याकडे शेत नाही, आणि शेत नसलेल्याचा दिवस फेडायचा कुठे, असा आमच्याकडे कुणाला प्रश्नच पडला नव्हता. मी म्हटलं, मी येतो चिखल लिंपायला. तर म्हणतो, तुमी नको, दिवस ज्या पोरांना दिला तीच येऊ देत. सकाळी सातला. वडखळला ट्रॅफिक असतं.

ता.क. २. कॅमेरा आणू नकोस.

ता.क. ३. हा भाग एकट्याने वाच. सोमाला रांगेतून तू काढलास असं मी वर लिहिलं, मामीलाही तसंच सांगितलं, सोमालाही. तू काढला नव्हतास. तू तर म्हणाला होतास, मामा, काय चेहरा आहे या माणसाचा, याला मधोमध उभा करू. मीच तुला बाजूला नेऊन सांगितलं की गावकऱ्यांच्या सावडीच्या रांगेत वाडीवरचा नको, लोकांना चालणार नाही, त्याला दुसरं काहीतरी धरायला दे. लोकांना मी विचारलंही नव्हतं. रविवारी तो नको म्हणाला तरी चिखल तुडवायला मी येणार आहे. रांगेतून मी काढलं, हे तू त्याला सांगू नकोस, मीच सांगेन, तेवढा धीर झाला तर.