विजेता आणि बाकीचे एकशे अकरा

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. कंबर आता कशी आहे? ताई म्हणाली, गाईची ती लाथ खरं तर मालकासाठी होती, तुम्ही मध्ये आलात. (उगीच मध्ये येण्याची तुमची सवय मी तुमच्या लग्नापासून पाहते आहे.) शेक घेत जा, आणि जमलं तर ताईचं ऐकत जा. माझी प्रकृती ठणठणीत आहे. फक्त मंगळवारी तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून खाली उतरायला तयार नाही.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. ‘मेहुणी मुळांना आलेल्या पुटकुळ्या फोडते’ असं तुम्हीच चारचौघांत सांगता. तर त्या पुटकुळ्या नाहीत, गाठी आहेत. वाटाण्याच्या मुळांवरच्या त्या गाठींत जीवाणू राहतात, हवेतला नायट्रोजन धरून झाडाला खाऊ घालतात आणि बदल्यात झाडाची साखर खातात. बारा वर्षांत मी एकशे बारा शेतांत गुडघे टेकले, प्रत्येक शेतातल्या एका गाठीतला जीवाणू वेगळा काढला आणि एकशे बारा नळ्यांत गोठवून ठेवला. बशीत वाढवले की सगळे सारखेच दिसतात, पांढरे ओले ठिपके. फरक असतो तो जनुकांत. कुणी खारट जमिनीत तग धरतो, कुणी आंबट जमिनीत, कुणाला पाण्याचा ताण चालतो. काही तर गाठीत बसून नुसतेच खातात, काम शून्य. झाड अशांचा प्राणवायू तोडतं. (आमच्या कार्यालयात ही सोय नाही.)

आता आमचे संचालक. त्यांना आम्ही ‘एकमेव’ म्हणतो, कारण त्यांना सगळं एकच लागतं: एक फाईल, एक सही, एक उत्तर. माझ्या नळ्यांतला चौऱ्याऐंशी क्रमांकाचा जीवाणू एका वर्षी एका कुंडीत जोमाने वाढला, तेवढ्यावर त्यांनी त्याला ‘विजेता’ जाहीर केलं. त्या एकट्याची जनुकं वाचून घेतली. बाकीच्यांच्या तपासणीचा माझा अर्ज तीन वर्षं त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली आहे. आता विजेत्याची पाकिटं निघणार, सगळ्या शेतांना तोच एक जीवाणू मिळणार, आणि पाकिटं ठेवायला जागा हवी म्हणून माझं शीतकपाट शुक्रवारपर्यंत रिकामं करायचं. एक नळी ठेवा, बाकीच्या उकळून टाका, असा लेखी हुकूम आला. भाऊजी, उद्या त्या एका जीवाणूला न मानवणारा उन्हाळा आला, तर हे काय एकशे बारा शेतांत जाऊन पाकिटावरचा फोटो दाखवणार आहेत?

मी बैठक मागितली. पुरावा म्हणून वाटाण्याच्या कुंड्यांचे तीन गट आधीच लावले होते: पहिल्याला कुठलाच जीवाणू नाही, दुसऱ्याला फक्त विजेता, तिसऱ्याला माझ्या चोवीस जीवाणूंचं मिश्रण. पहिला गट उपाशी पिवळा पडणार, दुसरा बरा दिसणार, तिसरा हिरवागार होणार, आणि मी बोलणार. शेवटचे पंधरा दिवस मी भाषणच लिहीत होते. (कुंड्यांकडे बघायला वेळ कुणाला होता?) मंगळवारी बैठकीत कुंड्या कापडाखाली झाकून आणवल्या. मी चाळीस मिनिटं बोलले. एकाच विचाराने चालणारी राज्यं कशी कोसळली तिथपासून सुरुवात केली, एकाच वाणाच्या बागा एका बुरशीने कशा बसवल्या ते सांगितलं आणि शेवटी “हा पाहा पुरावा” म्हणत, कुंड्यांकडे पाठ ठेवूनच, कापड ओढलं.

कुणीतरी खोकलं. मी वळून पाहिलं. विजेता बरा होता, माझं मिश्रण त्याहून चांगलं होतं, आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती उपाशी झाडं दोघांच्याही डोक्यावर चढून फुलली होती.

“बाई,” एकमेव म्हणाले, “तुमच्या चोवीसांपेक्षा काहीच नसलेलं बरं दिसतंय. मग शीतकपाट कशाला हवं?”

सगळे हसले. हिशेबनीस तर रुमाल काढून हसला, ज्याला वाटाणा डब्यात उगवतो असं वाटतं.

मी काचघरात गेले. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी नळाखाली चिखलाचे बूट घासत होत्या. विचारलं, तर सरळ म्हणाल्या, “मीच घातलं पाणी, हेच बूट धुतल्याचं. पिवळी पडली होती ती पोरं. तुम्ही बाकीच्यांना काय काय पाजता, यांनीच काय घोडं मारलंय?”

मी तिथेच मुळं उपटली, गाठी कापल्या. आत लालभडक, म्हणजे कामसू जीवाणू. बाहेरच्या वावरातल्या चिखलात विजेत्याचे आणि माझेही बाप निघाले. म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं: नुसत्या बुटाच्या तळव्याला आमच्या अख्ख्या संस्थेपेक्षा जास्त वैविध्य चिकटलेलं आहे. हे मी धावत जाऊन सांगितलं. एकमेव म्हणाले, “वा, मग सगळ्यांना बूट वाटू,” आणि हुकूम कायम ठेवला.

मुलांना आशीर्वाद. कमरेला जपा.

तुमची मेहुणी

ता. क. : हे पत्र ज्या डब्यावर चिकटवलं आहे त्यात माझ्या नळ्या आहेत. वळूंच्या वीर्याच्या कांड्या तुम्ही ज्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवता, तिच्यात यांना जागा द्या. बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकेल, तेव्हा विचार करत बसू नका. ताईला आधीच विचारलं आहे, ती हो म्हणाली. कांड्या काढताना चष्मा लावा. एखाद्या गाईला वाटाण्याचा जीवाणू गेला, तर मी जबाबदार नाही.

ता. क. २ : डबा बंद करताना एक गोष्ट झाली. बारा वर्षांच्या सवयीने प्रत्येक नळी आधी स्पिरिटने पुसली. शाईचे क्रमांक स्पिरिटने जातात हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना ओरडून सांगते. एकशे बाराही नळ्या आता कोऱ्या आहेत. आणि रागाच्या भरात मी विजेताही त्यातच भरला होता.

ता. क. ३ : एकमेव स्वतः येऊन गेले. कारखान्याला विजेत्याची मूळ नळी हवी आहे. मी डबा दाखवला. त्यांनी दोन-चार कोऱ्या नळ्या उजेडात धरून पाहिल्या, मग खाली जाऊन माझ्या अर्जावर सही करून आले. आता त्यांचा एक शोधायचा म्हणून सगळ्या एकशे बारांची जनुकं वाचली जाणार. कोण कुणाहून किती वेगळा ते कळेल. विजेता सोडला तर कोणता कुठल्या शेतातला, ते मात्र आता कधीच कळणार नाही, आणि त्यासाठी मला ओरडायला कुणी सापडत नाही. शीतकपाट मात्र पाकिटांनाच जाणार, म्हणून डबा तुमच्याकडे येतोच आहे. नळ्या जपा.