कॉम्प्युटरचं कुलूप

कुसुम,

मी भोकरला ट्रेनिंगला निघालो, शेवटच्या बसने येईन. आज संध्याकाळी गंधारचा व्हिडिओ कॉल आहे म्हणून तू परवापासून कॉम्प्युटरशी झटून राहिलीस. अपडेट दाबलं की "ही सेटिंग ॲडमिनने बंद केली आहे" असं येतं ना? तो व्हायरस नाही. दुकानवाल्याला उगी बोलावू नको. तो ॲडमिन मीच.

गंधार बारावीला असताना क्लासच्या सरांनी पालकांच्या मीटिंगमध्ये सांगितलं, पोरं गेम टाकतात, सगळं लॉक करा. मी केलं. त्यात अपडेटही अडकलं. निकालानंतर तो घरातून गेला, अन् लॉक तसंच राहिलं.

चालू करताना माझ्या नावावर क्लिक कर, पासवर्ड टाक, मग अपडेट सुरू कर. तासभर लागेल, मधेच बंद करू नको.

पासवर्ड ६५० आहे. नीटला त्याला तेवढे मार्क पडावेत असं मला वाटायचं.

आत गेलीस की तो बदलून टाक. लॉक उघडायला गंधारने तेव्हा सगळ्यात आधी स्वतःची जन्मतारीख टाकून पाहिली होती. आता तीच ठेव.

— मार्तंड