उत्तर पहिल्या ओळीत

प्रिय दीपक,

आठ दिवस झाले, तुझा फोन बंद आहे. म्हणून हे पत्र मामांच्या पत्त्यावर धाडून राह्यली. फाडू नोको, बाबू. पुरं वाच. वरच्या दोन ओळी वाचून सारं समजलं म्हणायची खोड साऱ्या जगाले लागली आहे. आज तुले तरी ती नोको.

राजकुमार कुकरवाला काल दुपारी गेला. बुलढाण्याच्या दवाखान्यात. मी तिथंच होती. जबडा तुटलेला, डावा डोळा फुटलेला, बरगड्या मोडल्या म्हणून श्वास घेताना शिटी वाजल्यासारखा आवाज येई. त्याच्याच पेटीतला पाना काढून लोकायनं त्याले ठोकलं. एका बाईचा कुकर दुरुस्त करून तो झाकण लावून दाखवत होता, त्याच झाकणानं त्याचं टाळकं फोडलं. त्याची बायको समता हात धरून बसली होती, अन् मी पायाशी. मी कोण हे तिले माहीत होतं, तरी तिनं मले अर्धा कप चहा दिला.

मी वेबसाइट काढली तवा माहा टेबल तूच डोक्यावर घेऊन आला होता, आठवते? बाजारभाव, एसटीचं वेळापत्रक, कोणाचा सत्कार, कोणाची तेरवी. पहिल्या वर्षी किती लोक येत वाचायले! आता पान कोणी उघडतच नाही. लोक फोनले इचारतात, अन् फोन चार ठिकाणचं वाचून आपलंच उत्तर ठोकून देते. ते कोणी लिहिलं, पुढं काय लिहिलं, कोणाले पडली आहे? मंग मीही शिकली. मथळ्यात प्रश्न टाकायचा अन् पहिल्या ओळीत उत्तर, म्हणजे मशीन आपलीच ओळ उचलते. तुले केवढ्या तोऱ्यात दाखवलं होतं मी, अख्ख्या जिल्ह्याले आता माहीच ओळ ऐकू येते म्हणून. तू पेढे घेऊन आला होता.

मागच्या महिन्यात देऊळगाव राजाच्या बाजारात एका रडणाऱ्या पोराले राजकुमारनं बिस्किटाचा पुडा दिला, अन् लोकायनं त्याले मुलं पळवणारा म्हणून धरलं. पोलिसायनं चौकशी करून तासाभरात सोडून दिलं. पोराच्या बापानं पाया पडून माफी मागितली. मी बातमी लिहिली ती त्याची अब्रू वाचवायलेच. पण मथळा काय टाकला? मुलं पळवणारा राजकुमार कुकरवाला कोण? पहिली ओळ: मुलं पळवण्याच्या संशयावरून देऊळगाव राजात राजकुमार कुकरवाल्याला पकडण्यात आलं. तो निर्दोष आहे, हे चौथ्या परिच्छेदात. लोकायनं शेवटपर्यंत वाचावं म्हणून मुद्दाम तळाशी ठेवलं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

मंग तो आपल्या गावात आला. कोणीतरी शंका काढली, कोणीतरी फोनले त्याचं नाव इचारलं. फोननं माही पहिली ओळ वाचून दाखवली, बाईच्या गोड आवाजात. त्यानंतर ऐकते कोण? तो हात जोडून सांगत होता, बापहो, पुरं वाचा, खाली लिहिलेलं आहे. पहिला पाना त्या जोडलेल्या हातांवरच बसला. कोणीतरी फोनवर काढलेल्या व्हिडिओत बोटं मोडल्याचा आवाज येतो.

मी त्याच दिवशी पान बदललं. फोन अजून जुनंच सांगून राह्यला. काल समतानं मढ्याजवळ बसून इचारून पाह्यलं, तर तवाही तेच उत्तर, तोच गोड आवाज. तिनं फोन भिंतीवर हाणला. मंग मले म्हणाली, ताई, माणूस तर गेला, त्याचं नाव तरी साफ करून द्या.

आता तुले काऊन लिहून राह्यली ते. व्हिडिओत साऱ्यायनं तोंडाले रुमाल बांधले आहेत, पोलिसाले कोणी ओळखू येऊन नाही राह्यलं. पण पाना उगारलेल्या हाताची बाही मी हिरव्या दोऱ्यानं शिवली होती, घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून. अन् आवाज तुझाच आहे: ताईच्या साइटवरचं आहे, खोटं कसं असन? लहानपणी कोंबडीचं पिल्लू मेलं तर दोन दिवस जेवला नव्हता तू. अन् माह्यावरच्या विश्वासानं माणूस मारला, दीपक. आईले अजून सांगितलं नाही. ती रोज तुझ्या वाट्याची भाकर झाकून ठेवते. सोमवारी सकाळी मी ठाण्यात जाऊन राह्यली. त्याआधी येजो, संगं जाऊ, मी तुझा हात सोडणार नाही. नाही आला तरी मी जाईन. अन् निघण्याआधी साइटवर एक पान टाकीन. मथळा: राजकुमार कुकरवाल्याचा जीव कोणी घेतला? पहिली ओळ: निर्दोष राजकुमारचा जीव दीपक भगवानरावनं घेतला, अन् त्याची बहीण पुष्पांजलीनं. त्याच्या खाली मी काहीच लिहिणार नाही.

तुझीच,
पुष्पाताई