बारा केसांच्या माणसाचं कार्ड

१ सप्टेंबर, सोमवार

ताई,

तुला नमस्कार, दाजींनाही. आम्ही बरे आहोत, तुम्हीही बरेच असणार. झाला हा भाग. आता खरं सांगतो. मी मावशीच्या सलूनमधल्या गिऱ्हाइकांची कार्डं वाचली. सगळी. तीनशे बारा.

हां, माहितीये मला. लहानपणी तू त्या बुटांच्या खोक्याला नुसतं बोट लावलंस तर आठवडाभर तुझ्या दोन वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या तिनं की तुला डोळे मिटता येत नव्हते. पण या वेळी खोका तिनंच माझ्या हातात दिला. म्हणाली, "हे सगळं टॅबमध्ये उतरव. पण वाचू नकोस." आता तूच सांग, न वाचता उतरवायचं कसं?

मोबाइलवर का नाही कळवलं, विचारशील. कारण माझा मोबाइल आणि दुकानातला टॅब आता एकमेकांना जोडलेत. मी इकडं काही टिपलं की तिकडं मावशीच्या नाकासमोर उगवतं. परवा मी सहज, आठवण राहावी म्हणून, "मावशीच्या चहात मीठ" एवढंच लिहून ठेवलं. पाच मिनिटांत ती दारात, हातात कप. "आधी तू पी." प्यायलो गं. म्हणून हे कागदावर.

झालं असं की गेल्या महिन्यात शॅम्पूचा अख्खा डबा खोक्यावर आडवा झाला. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कार्डावरची शाई फुटली, मावशीनं रंगाचं प्रमाण अंदाजानं घेतलं आणि बाई तांब्याच्या तारेसारख्या चमकत घरी गेल्या. त्या दिवशी ठरलं, आता ॲप. आणि ॲप निवडायचं काम माझ्याकडं, कारण या घरात दहावीला दोनदा बसायचा अनुभव फक्त मला आहे.

पहिलं ॲप कप्प्यांचं. कप्प्यात कप्पा, त्यात अजून कप्पा. मी म्हटलं, रंगवाल्या एका कप्प्यात, नुसत्या कापून घेणाऱ्या दुसऱ्यात. मावशी म्हणाली, "जुळ्यांची आई रंगही लावते, कापूनही घेते, आणि येते ती मुळात रडायला. तिला कुठं ठेवू?"

"रडण्याचा वेगळा कप्पा कर."

"त्यात निम्मं गाव जाईल."

दुसरं जाळ्याचं. एका टिपणापासून दुसऱ्याला दोरा बांधायचा आणि शेवटी ते सगळ्याचं मिळून चित्र काढून दाखवतं. कोण कुणाची जाऊ, कोण कुणाशी बोलत नाही, मी हौसेहौसेनं बांधत बसलो. चित्र आलं. मावशीनं चष्मा लावला. मधोमध बँकेतली बाई आणि तिच्यापासून निघालेले तेवीस दोरे.

"हिचं तेवीस जणींशी भांडण?"

"तुझ्याच कार्डांवर लिहिलंय."

"पूस! पूस आधी! हे कुणी बघितलं तर माझेच केस कापतील."

तिसरं साधं, चिठ्ठ्यांचं. एक माणूस, एक चिठ्ठी, भिंतीवर चिकटवल्यासारखी. शोधा, रंग द्या, पाठवा, संपलं. मावशी दोन मिनिटं बघत राहिली. "हे माझ्या खोक्यासारखंच आहे की. फक्त भिजणार नाही." ठरलं.

मग आठ दिवस मी उतरवत बसलो. ताई, काय लिहिते गं ही बाई! "डाव्या कानामागे भोवरा. सुनेचा विषय काढायचा नाही. निघालाच तर कात्री खाली ठेवायची." हसून हसून माझं पोट दुखलं.

आणि दोनशे शहात्तरावं कार्ड निघालं बाइंडिंगवाल्या काकांचं. समोरच्या दुकानातले. बोटांना कायम खळ, शर्टाला कागदाचे कपटे, आणि डोक्यावर बारा केस. मी मोजलेत. एक गुरुवार सोडून एक, साडेचारला, घड्याळ लावून येतात. त्यांच्या कार्डावर काय होतं, बघ: "कापायला काही नाही. तरी चाळीस मिनिटं लागतात. पाणी कोमट लागतं. हसले की मान हलते, तेव्हा कात्री लांब धरायची."

मी ते जसंच्या तसं उतरवलं. जवळजवळ जसंच्या तसं. आणि मग माझा अंगठा कुठं लागला कुणास ठाऊक, ती चिठ्ठी गेली काकांच्या मोबाइलवर. चुकून. अगदी चुकून.

बाकी सगळं ठीक. आणखी एक गोष्ट आहे, पण ती पुन्हा कधीतरी.

तुझा वांड


९ सप्टेंबर, मंगळवार

ताई,

तुझं पत्र मिळालं. अख्ख्या पत्रात तू फक्त एक शब्द लिहिलास, "चुकून", त्याच्याखाली दोन रेघा, पुढं तीन प्रश्नचिन्हं. याला काय पत्र म्हणतात? दाजींनी तरी दोन ओळी टाकायच्या.

बरं. चुकून नाही.

दुपारचे दोन वाजले होते. मावशी आत जेवत होती. मी बटणावर अंगठा धरून बसलो होतो, वीस आकडे मोजले आणि दाबलं. आणि हसायलाही लागलो होतो. अजून एक. "जवळजवळ जसंच्या तसं" लिहिलं होतं ना, तर खाली एक ओळ मी माझ्या पदरची घातली. मोठी नाही. "ते येत नाहीत त्या गुरुवारी दुकान रिकामं वाटतं."

ओरडू नकोस. कागदावर असतं तर मी हे केलंच नसतं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं शाईत पाय घातल्यासारखं, लगेच पकडला गेलो असतो. पण ॲपमध्ये अक्षरच नसतं गं. मावशीचं, माझं, तुझं, सगळं एका साच्यातलं. ती ओळ तिच्या ओळींखाली इतकी शहाण्यासारखी जाऊन बसली की मलाच वाटलं, ही तिचीच.

आणि खोटी तरी कुठं आहे? मधल्या गुरुवारी साडेचारला मावशी उगाच समोरची काच पुसते. काच स्वच्छ असते. मी रोज पुसतो.

आता जे झालं ते ऐक. चार तारखेला काकांचा गुरुवार होता. मावशीनं पाणी कोमट करून ठेवलं. साडेचार झाले. पावणेपाच झाले. काका आले नाहीत. समोर त्यांच्या दुकानात दिवा चालू, माणूस आत, पण आले नाहीत. मावशीनं पाणी ओतून दिलं, भांडं पालथं घातलं आणि टॅब घेऊन बसली. आणि तिला दिसलं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून येतं, "पाठवली".

 ती ॲपवर अशी तुटून पडली म्हणून सांगू! "मेलं निवडून निवडून हेच निवडलं! गिऱ्हाइकाचं कार्ड गिऱ्हाइकालाच धाडतं! उद्या बँकेतलीला तिचं धाडेल, मग मी कुठं तोंड लपवू?"

मी म्हटलं, "नवीन ॲप आहे मावशी, करतात कधीकधी असं." होय, सगळं त्या बिचाऱ्या ॲपवर ढकललं. त्याला तोंड नाही म्हणून.

मग तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. शेवटपर्यंत. आणि हळूच विचारलं, "ही शेवटची ओळ... मी कधी लिहिली रे?"

"तुझ्या कार्डावर होती. मी फक्त उतरवली."

तिनं टॅब पालथा ठेवला आणि जुळ्यांच्या आईला हाक मारली. तिचे केस त्या दिवशी दोन बोटं जास्त कापले गेले.

ताई, मला भीती वाटतेय. गंमत म्हणून केलं आणि मावशीचा एकच गुरुवार होता तोही मी उडवला. वर अजून एक. मी कार्ड फाडून टाकायला खोका उघडला, म्हटलं पुरावा नको. तर दोनशे पंच्याहत्तर आहे, दोनशे सत्त्याहत्तर आहे, मधलं नाहीच!

आणि ती राहिलेली गोष्ट. मला नाटक कंपनीत काम मिळालंय. टोप करायचे, पात्रांचे केस बसवायचे, गावोगाव फिरायचं. एक ऑक्टोबरला निघायचं आहे. मावशीला सांगितलेलं नाही. तू लग्न करून गेलीस, आता मी. मग संध्याकाळी शटर ओढल्यावर ती बोलणार कुणाशी, टॅबशी? म्हणून ती ओळ. आता रागाव.

वांड


१९ सप्टेंबर, शुक्रवार

ताई गं ताई,

बस खाली. पाणी घेऊन बस.

काल गुरुवार. मावशीनं पाणी गरम केलं नव्हतं. साडेचारला दार वाजलं आणि काका आत. इस्त्रीचा शर्ट. हातात मोबाइल असा धरलेला, जसं काही त्यातून काहीतरी सांडेल. खुर्चीत बसले नाहीत. उभेच.

मावशी म्हणाली, "मागच्या खेपेला चुकवलंत."

"दोनदा निघालो होतो. अर्ध्या रस्त्यातून परत गेलो."

"अर्धा रस्ता म्हणजे? अकरा पावलं आहेत."

"पाच गेलो, पाच आलो."

मी केर काढत होतो. केर संपला होता, तरी काढत होतो.

काकांनी मोबाइल पुढं केला. "बाई, हे..."

"ॲपनं पाठवलं ते. नवीन आहे. माफ करा."

"पाठवलं कुणी ते नाही विचारत. लिहिलं कुणी?"

ताई, माझा झाडू हातातून पडला. दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी झाडू उचलला आणि झाडूला रागावलो.

काका म्हणाले, "यात सगळंच छापील दिसतं. मला छापलेल्याचा भरवसा नाही, आयुष्य त्यातच गेलं. मूळ कागद असेल ना? तो दाखवता?"

संपलं, म्हटलं. कागदावर ती ओळ नाही. आता मावशीची फजिती होणार, काका अकरा पावलं चालत जाणार आणि मी एक तारखेची वाट न बघता आजच पळणार. तोंड उघडलं होतं मी, खरं सांगायला. शपथ. "मावशी, ते..." एवढं म्हटलंही.

"तू गप्प बस," मावशी म्हणाली. ॲप्रनच्या खिशावर हात ठेवला. "थांबा, आतून आणते."

आत गेली. चार मिनिटं बाहेर आली नाही. काका भिंतीवरचे केशरचनेचे फोटो बघत होते, तेसुद्धा लांब केसांचे. मला म्हणाले, "उकडतंय, नाही?" पंखा फुल्ल चालू होता.

मावशी आली. हातात कार्ड, कडा मऊ पडलेल्या, जुनी निळी शाई फिकट झालेली. आणि सगळ्यात खाली, ताई, हिरव्या जेलपेननं, तिच्या त्या तिरक्या अक्षरात, ती ओळ. शब्दन् शब्द. तिच्या करंगळीला हिरवा डाग.

काकांनी कार्ड दोन्ही हातांत घेतलं. वाचलं. मग जसा ते नव्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून फिरवतात ना, तसा त्या ओळीवरून अंगठा फिरवला. शाई अंगठ्याला लागली. त्यांनी अंगठा बघितला, मावशीची करंगळी बघितली.

"अक्षर तुमचंच आहे," म्हणाले.

"माझंच आहे."

"मग बसू का?"

"पाणी गरम व्हायला वेळ लागेल."

"लागू दे."

आणि बसले. एक तास दहा मिनिटं, बारा केसांना! मी बाहेर पायरीवर बसून हसत होतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी तो अंगठा शेवटपर्यंत पुसला नाही. चादरीतून तसाच वर काढून ठेवला होता, मतदान करून आल्यासारखा. मध्येच विचारताना ऐकलं, "एक गुरुवार सोडून एक, याऐवजी रोज आलो तर?" मावशी म्हणाली, "केस वाढणार नाहीत त्यानं." ते म्हणाले, "त्यांना कोण विचारतंय."

ते गेल्यावर मी नाटक कंपनीचं सांगून टाकलं. ती कंगवे धूत होती. वळलीसुद्धा नाही. "महिना झाला वाचून. 'मावशीला कसं सांगू' अशी चिठ्ठी कुणी लिहून ठेवली होती टॅबवर? जा. टोप नीट बसव, राजाचा टोप युद्धात पडला तर माझं नाव जाईल." मग म्हणाली, "आणि ताईला लिही, महिनाअखेर ये म्हणावं, दाजींना घेऊन. काहीतरी ठरवायचंय. चौघांनी." मी मनात मोजलं, तू, दाजी, ती, मी. मग ती म्हणाली, "तू धरून पाच." घे!

आता नीट ऐक, कारण तू येणार आहेस. मावशीला कळलंय की ओळ माझी. मला कळलंय की तिला कळलंय, पण ते तिला माहीत नाही. काकांनी ओली शाई बोटानं बघितलीये, पण ते जन्मात बोलणार नाहीत. आणि आम्ही तिघंही येईल त्याला सांगतोय की ॲपनं गडबड केली, बघा काय मजा झाली. बँकेतल्या बाईनं तर तेच ॲप घेतलं.

म्हणून आल्यावर तुला ही गोष्ट सांगतील, तेव्हा तू फक्त "अय्या, हो का!" म्हण. ओठ चावू नकोस, तुझं लगेच ओळखू येतं. दाजींना यातलं अवाक्षर नको, आनंद झाला की ते मोठ्यानं बोलतात. ही तिन्ही पत्रं फाडून टाक. फाडवत नसतील तर निदान बाइंडिंगला देऊ नकोस.

पाया पडतो गं. आई गेल्यापासून इतकी वर्षं आपल्या दोघांच्या मागं राहून तिनं स्वतःसाठी म्हणून एक गोष्ट मागितली नाही. काल मागितली, स्वतःच्या अक्षरात. ती तिचीच राहू दे. कुणाला सांगू नकोस ताई, कुणालाच नाही.

तुझाच,
वांड