वैभवीच्या मांडवाच्या डहाळ्या

जऊळका, मंगळवार

प्रिय शालिग्रामदादा,

वाकून नमस्कार (कागदावर कंबर दुखत नाही, म्हणून वहिनीलाही दोनदा). तुझा गुडघा कसा आहे? रिठदच्या उन्हात टोपीशिवाय फिरू नकोस. फोनच केला असता, पण वहिनी स्पीकर लावते. म्हणून रिठदला निघालेल्या रूपलाच्या हाती हे पत्र देते आहे.

येत्या शुक्रवारी वैभवीचा मांडव. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या हव्यातच, आणि आमच्या परसातलं जांभूळ तर तू पाहिलंच आहेस. वैशाखात सगळा शिवार करपलेला असताना हे एकटं हिरवंगार, भर दुपारी खाली गारवा. यंदा फांदी न फांदी हिरव्या घोसांनी लगडली आहे. गेल्या अकरा वर्षांत मी कुणाच्या लग्नाला त्याची एक डहाळी दिली नाही. शेजारच्या रामीबाईंना मागच्या साली सांगितलं, मुकं लेकरू आहे, त्याला दुखतं. बिचारीने पोराच्या मांडवावर हिरवी शेडनेट टाकली आणि सगळं वऱ्हाड तिच्याखाली उकडून निघालं.

काल वैभवीचे बाबा विळा घेऊन झाडावर चढले. मी खाली उभी. ही नको, हिच्यावर घोस आहेत. ती नको, तिथे बुलबुलाचं घरटं आहे. ती तर नकोच, तिला वैभवीचा झोका होता. तासाभराने ते नऊ पानं आणि अंगभर चावणारे माकोडे घेऊन उतरले. सासूबाई गोजराबाई (त्यांना ऐकू कमी येतं, पण असलं काही बरोबर दिसतं) ओट्यावरून म्हणाल्या, "लोकायच्या लग्नात मुकं लेकरू व्हतं, आता पोरीच्या लग्नातही मुकंच हाये काय वं?" तेवढ्यात कुंपणापलीकडून रामीबाई, "नेट पाह्यजे काय, ताई? धुऊन ठेवली हाये."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. ज्या आठवड्यात लेक जाणार, त्याच आठवड्यात झाडही बोडकं करायचं, एवढं मोठं मन माझ्याकडे नाही रे.

तुझी,
रेणू

ता. क. लग्नात मामाचा मान मोठा. तुझ्या शेताच्या धुऱ्यावरच्या जांभळाच्या डहाळ्या पिकअप भरून शुक्रवारी सकाळी आण.

आणखी ता. क. तुझंही झाड लगडलं असेल आणि वहिनी त्याला जिवापाड जपत असेल, ठाऊक आहे मला. पण खरं सांगू? तुमची जांभळं चवीला तुरटच.