शेवट न सांगण्याचा संकल्प

१ जानेवारी १९३८, शनिवार

तंबाखूच्या वखारीच्या मालकांनी आज इंग्रजी डायरी भेट दिली. बाकीच्या मुकादमांना नुसती कॅलेंडरे. यावरून काय ते समजावे.

पहिल्या पानावर थोडी माहिती देणे योग्य. नाव मारुतीराव. मुक्काम निपाणी. शाळा तिसरीत सुटली. पुढचे सगळे स्वतः शिकलो. आधी दुकानांच्या पाट्या, मग पुडीचे कागद, मग वाचनालयाचे पहिले कपाट, मग दुसरे. आता गावात कादंबरी या विषयात माझ्याइतका तपशिलाचा माणूस नाही. हा गर्व नव्हे, माहिती आहे.

दर रविवारी वाचनालयाच्या पडवीत मी वाचकांना एक कादंबरी सुचवतो. हा 'रविवारची शिफारस' उपक्रम माझी पत्नी कै. सौ. मनुबाई गेली त्या वर्षी सुरू केला. घर रिकामे वाटते म्हणून नव्हे. लोकांची सोय व्हावी म्हणून.

नव्या वर्षाचा संकल्प: रहस्यकथेचा शेवट सांगायचा नाही. काही कमकुवत वाचकांची तक्रार आहे. माझ्या मते खुनी माहीत असला म्हणजे वाचक निवांतपणे तपशिलाकडे लक्ष देऊ शकतो. पण ठीक आहे. संकल्प म्हणजे संकल्प.

२ जानेवारी, रविवार

संकल्प तंतोतंत पाळला.

आजची शिफारस 'निळ्या बंगल्यातील आरोळी'. खुनी कोण, हे अजिबात सांगितले नाही. फक्त डॉक्टर निर्दोष आहे, मेव्हणा त्या दिवशी मिरजेला होता आणि माळ्याचा काही संबंध नाही, एवढा खुलासा केला. उगाच चांगल्या माणसांवर संशय राहू नये.

सोडावाटरवाला भरमू मध्येच उठून म्हणाला, "मग ऱ्हायला कोण वो अण्णा? मुनीमच की!"

मी म्हणालो, मी काहीही सांगितलेले नाही.

तो म्हणाला, "व्हय, तुम्ही न्हाय सांगितलासा. म्या आपला उगंच वळकलो." मंडळी हसली. माझ्या शिफारशीने वाचकांची तर्कशक्ती वाढते, हे यावरून दिसते.

पुस्तक कोणी नेले नाही. महिन्याची सुरुवात. लोक कामात असतात.

९ जानेवारी, रविवार

आज 'ढिगाखालचा माणूस'. कादंबरी उत्कंठावर्धक, पण लेखकाने वखार आतून पाहिलेली नाही. गुन्हेगार तंबाखूच्या ढिगात सबंध प्रकरणभर लपून बसतो आणि एकदाही शिंकत नाही! माझे सगळे आयुष्य तंबाखूत गेले, मला हे कसे सोसावे?

म्हणणे पटावे म्हणून रुमालात थोडी भुकटी नेली होती. ती फक्त झटकून दाखवली. वारा नेमका मंडळींकडे होता. ग्रंथपाल शामू शिंकला, मास्तरीण यशोदाबाई शिंकल्या, भरमू तर खांबाला धरून शिंकला. मीही शिंकलो, आणि त्या गडबडीत ढिगात कोण होता त्याचे नाव तोंडातून निघून गेले.

हा संकल्पभंग धरू नये. तो शारीरिक प्रकार होता.

भरमू डोळे पुसत म्हणाला, "अण्णा, नाकबी गेलं आणि पुस्तकबी गेलं." चांगला विनोदी आहे. मात्र लौकर निघून गेला.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

मालकांकडून तिळगूळ आणून वाटीत काढून ठेवला. दाराला कडी लावली नव्हती. संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही. मी वाचत असेन, व्यत्यय नको, असा विचार लोकांनी केला असणार. गावात माझ्या वाचनाबद्दल आदर आहे.

वाटीला मुंग्या लागल्या. चुलीजवळ सरकवून ठेवली.

१६ जानेवारी, रविवार

उपस्थिती बेताची. यशोदाबाई, भरमू आणि शामू. शामूजवळ किल्ली असल्यामुळे त्याला थांबावेच लागते, पण तो मनापासून थांबतो.

शेवटी शामू म्हणाला, "अण्णा, रागावणार न्हाईसा न्हवं? तुम्ही शिफारस केलेली समदी कपाटातच बसल्यात. आणि ज्याचं नाव तुम्ही घेत न्हाय, त्या पुस्तकाला नंबर लागतोय."

मी त्याला समजावले, की उच्च प्रतीच्या पुस्तकाला वाचक कमीच असतो. तो "व्हय व्हय" म्हणाला आणि कुलूप शोधू लागला.

२३ जानेवारी, रविवार

सकाळी बाजारपेठेत भरमू समोरून येत होता. मला पाहताच रस्ता ओलांडून भांड्यांच्या दुकानात शिरला. त्याला भांडी हवी असतील.

दुपारी शामूकडून कळले, की वाचनालयाच्या कमिटीने पडवीचा विचार केला आहे. रविवारी तिथे माणसेच येत नसतील तर वर्तमानपत्राचे टेबल बाहेर काढावे म्हणतात. फेब्रुवारीत ठरणार. शामू खाली बघून म्हणाला, "म्या सांगून बघितलं, अण्णा. पर कमिटी म्हणतीया, एकट्या माणसासाठी पडवी कशी अडवून ठेवायची?"

मला याची मुळीच काळजी नाही. उपक्रम बंद पडला तर नुकसान गावाचे आहे. माझे रविवार मोकळे होतील. पुष्कळ कामे आहेत. घराची कौले बघायची आहेत.

कौले आत्ता बघून आलो. ठीक आहेत.

२५ जानेवारी, मंगळवार

नीला आली होती. एकुलती लेक, दिली बेळगावात, टिळकवाडीला. जावई कचेरीत. बेळगावास राहायला चला, म्हणून तिने पुन्हा लकडा लावला. मी म्हणालो, मी गेलो तर रविवारची शिफारस कोण करणार?

ती म्हणाली, "आप्पा, रविवारी शिफारस करता. आणि सोमवारी कुणाशी बोलता?"

प्रश्न तपशिलाचा होता. उत्तर देण्याआधी तिची गाडीची वेळ झाली.

जाण्यापूर्वी तिने फळी पुसली. 'थोरलीचा देव्हारा' ही कादंबरी उचलून म्हणाली, "हे आईचं ना? दोरा अजून तसाच आहे." मी म्हणालो, ठेव जिथल्या तिथे. जरा मोठ्याने म्हणालो असेन. तिने ठेवले.

या पुस्तकाबद्दल गैरसमज नको म्हणून लिहून ठेवतो. मी कौटुंबिक कादंबऱ्या वाचत नाही. त्यात नुसते रडणे असते, पुरावा काही नसतो. पण मनुबाईला अक्षरओळख नव्हती आणि तिला असलीच पुस्तके लागत. म्हणून दिवेलागणीनंतर मी मोठ्याने वाचायचो आणि ती तंबाखू मळत, नाहीतर वाती वळत ऐकायची. मी जरा थांबलो की म्हणायची, "मग?" एकदा मी दुपारी वखारीत पुढची पाने वाचून आलो आणि शेवट सांगू लागलो, तर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "अवो, सांगू नका की! माझ्याबरोबरच कळू दे तुम्हाला." तेव्हापासून नियम ठरला. एकट्याने पुढे वाचायचे नाही.

पुस्तकात तिने तांबडा दोरा घालून ठेवला, तो तिथेच आहे. पुढे वाचण्यास वेळ झाला नाही.

३० जानेवारी, रविवार

यशोदाबाई आज स्पष्टच बोलल्या. "मारुतीराव, मुडदे पुरे झाले. आमच्या शाळेतल्या बायका म्हणतात, एखादी घरातली गोष्ट सांगा. डोळ्यांत पाणी येईल अशी. आणि कृपा करून शेवट सांगू नका."

मी म्हणालो, माझ्याकडे तसली पुस्तके नसतात.

भरमू म्हणाला, "नसतील तर ऱ्हावू दे. पुढच्या रविवारी हितं वर्तमानपत्रच वाचायचं हाय म्हणं."

मी म्हणालो, एक आहे.

का म्हणालो, कळत नाही. पण शब्द दिला आहे.

५ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर वखारीत मालाची आवक. घरी येऊन पुस्तक हातात घेतले. फक्त धूळ झटकण्यासाठी. दोऱ्याच्या पुढचे पान उघडले नाही. अर्धवट वाचलेल्या पुस्तकाची शिफारस करणे माझ्या तत्त्वात बसत नाही. उद्या तब्येत बरी नसल्याचा निरोप धाडावा, असा विचार आहे.

६ फेब्रुवारी, रविवार

निरोप न्यायला कोणी मिळाले नाही. स्वतःच जावे लागले. पुस्तक बरोबर नेले.

पडवीत आज माणसे होती. यशोदाबाईंनी शाळेतल्या बायका आणल्या होत्या. कमिटीतले एक गृहस्थ दाराशी उभे, टेबलाची जागा मापायला आले असावेत.

मी गोष्ट सांगितली. थोरली जाऊ, तिला मूलबाळ नाही. धाकटी बाळंतपणानंतर आजारी पडून माहेरी गेली, तेव्हापासून तिची चंद्रा थोरलीनेच वाढवली. पोरगी थोरलीलाच आई म्हणते. आणि आता इतक्या वर्षांनी धाकटी बरी होऊन मुलीला न्यायला गाडी घेऊन आली आहे. थोरली देव्हाऱ्यासमोर बसून राहिली आहे, बाहेर येत नाही. अंगणात गाडी जुंपलेली. चंद्राने एक पाय चाकाच्या मधल्या तुंब्यावर ठेवला आहे आणि मागे वळून दाराकडे बघते आहे.

तपशिलाची एकही चूक काढली नाही. काढायची राहून गेली. मनुबाईला वाचून दाखवताना जसा थांबायचो, तसा तिथे थांबलो.

यशोदाबाई म्हणाल्या, "मग?"

मी दोऱ्यावर बोट ठेवले.

भरमू म्हणाला, "अण्णा, मग? बसली का पोरगी गाडीत?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

मग भरमूच ओरडला, "आँ! अण्णाला शेवट ठावं न्हाय?" आणि सगळे एकदम पुस्तकावर तुटून पडले. बायका म्हणाल्या आम्हाला आधी, भरमू म्हणाला आमची मंडळी घरी ऐकायला बसल्यात. अखेर शामूने नंबर लावून दिले. कमिटीचे गृहस्थ टेबल विसरून रांगेत उभे राहिले.

सारांश, शेवट न सांगण्याचा संकल्प आज शंभर टक्के पाळला. उपक्रम वाचला.

अंगरख्याला वखारीची धूळ असावी. माझे डोळे झोंबत होते. यशोदाबाईंच्याही डोळ्यांत गेली असावी.

७ फेब्रुवारी, सोमवार

पुस्तक देताना दोरा हलवू नका, म्हणून बजावायला हवे होते. वखारीतून येताना भरमूच्या दुकानावर जाऊन बजावले. तो म्हणाला, "पुस्तक पहिलं बाईंच्याकडं हाय, पर म्या सांगतो समद्यास्नी. बसा की, अण्णा." त्याने सोडा फोडून दिला. बसलो. सोमवार होता. नीलाला कळवण्यासारखे आहे.

फळीवर जागा रिकामी दिसते. तिथे तिळगुळाची वाटी ठेवली.

१३ फेब्रुवारी, रविवार

पडवी भरलेली. मी पोचलो तेव्हा यशोदाबाई आणि दोघी बायका डोक्याला डोके लावून बोलत होत्या. एकीने पदर डोळ्यांना लावला होता. भरमूने मला पाहिले आणि हात वर केला. "गप बसा गं! अण्णा आलं. त्यांनी अजून वाचलं न्हाय."

बायका आपापल्या जागी जाऊन बसल्या.

मी नवी रहस्यकथा सांगायला उभा राहिलो. त्यांनी ऐकले. पण चित्त त्या चंद्रापाशी. मी थांबलो की कुजबुज, मी बघितले की शांतता.

सांगा हवे तर, मी म्हणालो. मला काही फरक पडत नाही.

यशोदाबाई म्हणाल्या, "छे हो! असं कसं? शेवट सांगितला तर तुमची मजा जाईल."

२७ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक परत आले. दोरा जिथल्या तिथे. भरमूने त्यावर वर्तमानपत्राचे कव्हर घातले आहे, वाकडे, पण घातले आहे.

पुस्तक हातात देताना म्हणाला, "अण्णा, आता तुमी वाचा. पुढच्या रविवारी त्याच्यावरच बोलायचं हाय. समदी थांबल्यात तुमच्यासाठी. माझी मंडळी तर म्हणत्यात, अण्णास्नी इचारा, थोरलीनं ते केलं ते बराबर काय चूक?"

म्हणजे थोरलीने काहीतरी केले.

संकल्प: या आठवड्यात वाचून संपवणे. उरलेली पाने फार नाहीत. माझ्यासारख्या वाचकाचे एका बैठकीचे काम.

२ मार्च, बुधवार

वाचन सुरू. मागचा संदर्भ सुटू नये म्हणून पहिल्या पानापासून. छपाईच्या काही चुका सापडल्या.

४ मार्च, शुक्रवार

दोऱ्यापर्यंत आलो. कव्हर वाकडे होते ते काढून पुन्हा घातले. त्यात संध्याकाळ गेली.

५ मार्च, शनिवार

नीट लक्षात येईना म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून.

६ मार्च, रविवार

सकाळी भरमू दारात. "अण्णा, वाचलंसा का?" मी म्हणालो, चुका काढतो आहे, घाईचे काम नव्हे, तुम्ही मंडळींनी सुरू करावे. तो उंबरा उतरला. मग म्हणाला, "बरं, पुढच्या रविवारी. आमी काय पळून जात न्हाय."

दुपारी वाचनालयाकडून हसण्याचा आवाज येत होता. पडवी भरली असणार. उपक्रम उत्तम चालला आहे, याचे समाधान आहे.

दिवेलागणीला पुस्तक घेऊन बसलो. मनात वाचून अर्थ लागेना, म्हणून मोठ्याने वाचले. थोरली देव्हाऱ्यासमोर. गाडी जुंपलेली. चंद्राचा पाय चाकाच्या तुंब्यावर. तिथे थांबलो.

बराच वेळ थांबलो. कोणी "मग?" म्हटले नाही.

कंदिलाची काच काळी झाली आहे. अक्षरे नीट दिसत नाहीत. उद्या काच पुसून पुढे वाचायचे ठरवले आहे.