दिघाशीचा नंबर

दिघाशी, ता. भिवंडी
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

इकडे ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात, पण ऐकते कुठे? काल पुन्हा भात बघायला बांधावर जाऊन आली. मी पूर्णा गावातल्या गोदामात बारकोडचे स्कॅनर दुरुस्त करते. तू घर सोडलंस तेव्हा मी डिप्लोमाला होते, म्हणून सांगितलं. हे कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवतेय. टाइप करायला बसले की सारखं पुसावंसं वाटतं.

आधी मी बनवलेल्या यंत्राबद्दल सांगते. यंत्र कसलं, एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, मेमरी कार्ड आणि चार वायरी, साबणाच्या डबीत बसवलेल्या. बाबांचा बटणांचा फोन पाण्यात पडला होता. स्क्रीन काळी, बटणं मेलेली, आणि सगळे नंबर सिमवर नाहीत, फोनच्याच पोटात. भिवंडीतला दुकानदार म्हणाला, "दीदी, इसको फेंको, नया लो." मला नवा फोन नको होता.

बॅटरीखाली बारीक ठिपके असतात, तिथे वायरी सोल्डर केल्या. बोर्डाला एवढंच शिकवलं की पहिल्या जागेवर कोण आहे ते फोनला विचार, उत्तर कार्डावर लिहून घे, मग दुसरी जागा. बरेच दिवस नुसता कचरा येत होता. मग एकदा बोर्डाचा आणि फोनचा वेग जुळला आणि पहिलं नाव आलं, "पूर्णा नामा".

बाबांची पद्धत तुला माहीत आहे. आधी गाव, मग माणूस, आणि प्रत्येक गावात एकच. कुणी गेलं की बाबा त्या एकाला कळवणार, तो गावाला. फोनवर बाबांचं राघो हे नाव दिसलं की लोक आधी खाली बसायचे, मग उचलायचे. बियाण्याची चौकशी करायची असली तरी बाबांना आधी "सगळी बरी हायत" म्हणावं लागे. आणि खरीच खबर असली तर 'वारला' शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. "निघून या," एवढंच म्हणायचे.

तुमचं भांडणही त्याच्यावरूनच. तू म्हणालास, "मयतीचा सांगावा घेऊन गाव आजोबांना पायी पिटाळायचं. ते काम आपण सोडलं ना? मग तुम्ही अजून का करता? मला लाज वाटते." बाबा म्हणाले, "तवा हुकूम व्हता. आता मी माझ्या मनानं करतो. आपली मानसं मातीला तरी येका जागी येतात." आणि मग ते म्हणाले, "जा मंग. या घरची खबर तुला न्हाय कळायची." मला तेव्हा दोघांचंही पटलं होतं. आजही पटतं.

दादा, बाबा गेले.

गेल्या महिन्यात ओढ्यावर हातपाय धुताना चक्कर येऊन पाण्यात पडले. फोन खिशातच होता. इतक्या गावांना ज्यांनी खबरा दिल्या, त्यांच्या मातीला आपल्या आळीतलीच माणसं होती. आईनं मातीनंतरचं पुण्यानुमोदन थांबवून ठेवलं. म्हणाली, "नंबर निघू दे. मानसं बोलावल्याबिगर न्हाय." माणसं म्हणजे कोण, ते मला कळत होतं. तुझा जुना नंबर तर केव्हाच बंद झाला होता.

नंबर निघाल्यावर मी आधी तुझं नाव शोधलं. राकेश कुठेच नव्हतं. आईनं विचारलं, "हाय का?" मी म्हटलं, "न्हाय गं." तिनं तांदूळ निवडायला घेतले आणि निवडलेलेच पुन्हा निवडत बसली. मला बाबांचा भयंकर राग आला.

काल बाबांचं सिम माझ्या फोनमध्ये घालून मी गावोगाव कळवायला घेतलं. गणेशपुरीच्या दौलतकाकांनी फोन उचलला आणि म्हणाले, "राघो, बसलो बघ. सांग, कोन गेला?" मी कसंबसं म्हटलं, "काका, निघून या." ते लहान मुलासारखे रडले.

शेवटी एकच नंबर राहिला. "दिघाशी". पुढे माणसाचं नाव नव्हतं. मला वाटलं ग्रामपंचायतीचा असेल. लावला, आणि पलीकडून तू म्हणालास, "बोला, बाबा."

मी कट केला. तू पुन्हा पुन्हा लावलास, मी उचलला नाही. माफ कर. माझ्यात बळच नव्हतं. तुझा हा नंबर त्यांच्याकडे कसा आला, तुम्ही बोलत होता का, हे मी विचारत नाही. आपल्या गावात खबर द्यायला बाबांनी कोणाला ठेवलं होतं, तेवढं मला कळलं. आईला सांगितलं तेव्हा तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मंग त्याला आदी सांगाया पायजे व्हता."

पुण्यानुमोदन रविवारी सकाळी आहे. बाबांच्या जागी उभं राहून हे सांगतेय, म्हणून त्यांच्याच शब्दांत सांगते.

दादा, निघून ये.

तुझी,
उन्नती